मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांना व्यायाम शिकविणाऱ्याने कोणते प्रशिक्षण घ्यावे?

प्रश्न: तालीम_परभणी

नमस्कार. माझे बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) झाले असून मी परभणीत व्यायामशाळा चालवितो. पूर्वी आमच्याकडे येणारी बहुतेक मुले पोलीस भरतीची तयारी करणारी असत. आता सकाळच्या वेळेत पंचेचाळीस ते सत्तर वयाची मंडळी जास्त असतात. त्यांत मधुमेहाच्या गोळ्या घेणारे निवृत्त शिक्षक आहेत, स्टेंट टाकलेले व्यापारी आहेत, गुडघेदुखीने बेजार झालेल्या गृहिणी आहेत. डॉक्टर औषधाबरोबर व्यायाम सांगतात ही चांगलीच गोष्ट आहे, परंतु चिठ्ठीवर बहुधा ‘नियमित व्यायाम करा’ याखेरीज काहीही लिहिलेले नसते आणि पुढचे सर्व आमच्यावर सोपविलेले असते.

बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र आणि खेळातील दुखापती शिकविल्या गेल्या. मात्र रक्तदाबाच्या गोळीमुळे नाडीचा वेग वाढतच नसेल तर व्यायामाची तीव्रता कशावरून ठरवावी, बायपास झालेल्या माणसाला वजन केव्हा उचलू द्यावे, शुगर किती असेल तर त्या दिवशी व्यायाम घेऊच नये, हे कोणी शिकविले नाही. समाजमाध्यमांवर परदेशी संस्थांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांच्या जाहिराती सारख्या दिसतात आणि त्यांचे शुल्क माझ्या दृष्टीने मोठे आहे. असे प्रमाणपत्र घेतल्यास मला अशा व्यक्तींबरोबर काम करण्याचा अधिकार मिळतो का? कायद्याची मर्यादा नेमकी कोठे आहे? मराठवाड्यात राहून, व्यायामशाळा बंद न ठेवता, प्रत्यक्ष रुग्णांबरोबरचे प्रशिक्षण मिळण्याची काही सोय आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: फिजिओ_लातूर

आधी कायद्याची बाजू सांगते, कारण तिथे गोंधळ सर्वांत जास्त आहे. आपल्या देशात व्यायाम प्रशिक्षकासाठी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्यासारखी सक्तीची वैधानिक नोंदणी नाही. फिजिओथेरपी मात्र राष्ट्रीय संबंधित व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ याच्या कक्षेत येते आणि महाराष्ट्रात त्याआधीपासून फिजिओथेरपिस्टांची राज्य परिषद आहे. त्यामुळे आपण कितीही चांगले परदेशी प्रमाणपत्र मिळविले, तरी त्याच्या बळावर आजाराचे निदान करणे, उपचार म्हणून व्यायाम लिहून देणे किंवा फलकावर ‘थेरपिस्ट’ असे लिहिणे आपल्याला करता येणार नाही. निदान झालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या व्यक्तीकडून सुरक्षित व्यायाम करवून घेणे हे आपले क्षेत्र आहे. ते लहान नाही. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनात पहिला टप्पा रुग्णालयातील खाटेवर आणि दुसरा देखरेखीखाली बाह्यरुग्ण विभागात पार पडतो. त्यानंतरचा, वर्षानुवर्षे चालणारा टप्पा सांभाळायला आपल्याकडे जवळजवळ कोणीच नसते. फिजिओथेरपीची सत्रे संपली की रुग्ण घरी जातो, महिनाभर फिरतो आणि मग सोडून देतो.

आता प्रमाणपत्रांविषयी. परदेशांत या कामाच्या पायऱ्या आखलेल्या आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ही १९५४ मध्ये स्थापन झालेली संस्था साध्या वैयक्तिक प्रशिक्षकाला वेगळे प्रमाणपत्र देते, व्यायामविज्ञानाच्या पदवीधराला वेगळे देते आणि ‘क्लिनिकल एक्झरसाइज फिजिऑलॉजिस्ट’ हे त्याहून वरचे मानते. या वरच्या परीक्षेची प्रचलित अट अशी, की त्या विषयातील पदव्युत्तर पदवी असेल तर ६०० तास आणि केवळ व्यायामविज्ञानाची पदवी असेल तर १२०० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम केलेले असावे. पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनही ही संस्था ६०० तास मागते, हे पाहिले की आठवड्याअखेरीच्या ऑनलाइन वर्गातून ‘मेडिकल एक्झरसाइज स्पेशालिस्ट’ घडविण्याच्या जाहिरातींचे मोल आपोआप कळते. ऑस्ट्रेलियात तर हा विद्यापीठीय पदवी लागणारा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि तेथील सरकारी आरोग्य योजनेतून त्याचे पैसेही मिळतात. आपल्याकडे तसे काही नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की प्रमाणपत्राच्या आधी तासांचा विचार करावा. लातूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे फिजिओथेरपीची महाविद्यालये आहेत आणि त्यांचे बाह्यरुग्ण विभाग रोज चालतात. विभागप्रमुखांना रीतसर अर्ज करून आठवड्यातून एक-दोन सकाळी निरीक्षणासाठी बसू देण्याची विनंती करावी. प्रत्येक ठिकाणी होकार मिळेलच असे नाही आणि जिथे मिळेल तिथेही रुग्णाच्या संमतीशिवाय काही पाहता येणार नाही. परभणीतच स्वतःचे क्लिनिक असलेल्या एखाद्या अनुभवी फिजिओथेरपिस्टशी बोलणी करणे कदाचित अधिक सोपे जाईल. त्यांचे बरे झालेले रुग्ण पुढे आपल्याकडे यावेत आणि आपल्याकडे काही खटकले तर आपण त्यांच्याकडे पाठवावे, अशी व्यवस्था दोघांच्याही सोयीची आहे. तिथे बसल्यावर व्यायामाचे प्रकार टिपून घेण्याच्या मागे लागू नये, ते पुस्तकांत सापडतात. एखाद्या दिवशी फिजिओथेरपिस्ट व्यायाम घेण्याचे का टाळतो, किंवा मध्येच का थांबवितो, ते पाहावे. गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू बळकट करायचेच असतात आणि थोडे दुखले तरी चालते, परंतु गुडघा सुजून गरम झाला असेल तर त्या दिवशी कार्यक्रम बदलतो. कमकुवत हाडांच्या बाईंना कंबरेतून पुढे वाकून वजन उचलायला लावायचे नसते. छातीचे मधले हाड कापून बायपास झाला असेल तर ते जुळून येईपर्यंत, साधारण सहा ते बारा आठवडे, हातांनी जोर लावून ढकलणे, ओढणे आणि जड उचलणे टाळतात, आणि ती मुदत संपली की नाही हे शल्यचिकित्सकच सांगतो. हे सर्व डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाच्या हाताखाली रुग्ण देताना मला काळजी वाटत नाही.

उत्तर: व्यायाम_संभाजीनगर

मॅडमच्या उत्तरातील तासांविषयीचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. तरीही एक भर घालतो आणि एका बाबतीत मतभेद नोंदवितो.

भर अशी, की पायाच कच्चा असेल तर आधी तो भरून काढावा. ज्यांच्याकडे बी.पी.एड. नाही, अशा मुलांसाठी राष्ट्रीय कौशल्य विकास व्यवस्थेतील क्रीडा व फिटनेस कौशल्य परिषदेचा ‘फिटनेस ट्रेनर’ अभ्यासक्रम आहे. तो निरोगी माणसाला व्यायाम शिकविण्यापुरता आहे आणि आपल्याला त्याची गरज नाही, परंतु आपल्या हाताखालच्या मुलांना आहे, कारण पहाटे साडेपाचला व्यायामशाळा उघडणारा बहुधा तोच मुलगा असतो. परदेशी प्रमाणपत्र मी स्वतः घेतले आहे. त्याचा अभ्यास इंग्रजीत असतो, शुल्क डॉलरमध्ये असते, आणि दर काही वर्षांनी पुढील शिक्षणाचे गुण दाखवून नूतनीकरण करावे लागते. त्यातून मला विषयाची मांडणी मिळाली, डॉक्टरांशी त्यांच्या भाषेत बोलता येऊ लागले. आत्मविश्वास मात्र त्यातून आला नाही. तो एका हृदयरोगतज्ज्ञांच्या पुनर्वसन वर्गात मदतनीस म्हणून उभे राहिल्यावर आला.

मतभेद असा. प्रत्येक मधुमेही आधी फिजिओथेरपिस्टकडून आलेला असावा अशी अपेक्षा कोणी ठेवली, तर जिंतूर, सेलू, पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी कोणीच व्यायाम करणार नाही. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन संस्थेनेच २०१५ मध्ये तपासणीचे निकष बदलले, कारण जुन्या निकषांमुळे फार लोक विनाकारण डॉक्टरांकडे पाठविले जात होते. नवे निकष तीनच गोष्टी विचारतात: माणूस सध्या नियमित व्यायाम करतो का, त्याला हृदयाचा, चयापचयाचा किंवा मूत्रपिंडाचा ज्ञात आजार अथवा त्याची लक्षणे आहेत का, आणि त्याला किती तीव्रतेचा व्यायाम करायचा आहे. लक्षणे असतील तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचे. आजार आहे, लक्षणे नाहीत, पण व्यायामाची सवयही नाही, अशा माणसाने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी घ्यायची. आजार असूनही जो नियमित व्यायाम करीत आला आहे, त्याला मध्यम व्यायाम चालू ठेवता येतो, जोराचा करायचा असेल तर परवानगी लागते. आणि ज्याला आजारही नाही, लक्षणेही नाहीत, त्याने हलक्या व्यायामापासून सुरुवात करायला कोणाची चिठ्ठी लागत नाही. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची पार-क्यू प्लस ही प्रश्नावलीही याच कामाची आहे. आम्ही ती मराठीत लिहून घेतली आहे आणि नवीन माणसाला समोर बसवून विचारतो. कागद भरायला दिला की सगळे ‘नाही, नाही’ असे लिहून मोकळे होतात.

उत्तर: वैद्यक_अंबाजोगाई

मी औषधवैद्यक शास्त्राचा डॉक्टर आहे. वरची चर्चा वाचली. निकषांविषयीच्या मुद्द्यावर एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. ‘ज्ञात आजार नाही’ या वाक्यावर आपल्या भागात फार विसंबू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख इतकी अंदाजली आहे, आणि यांतील पुष्कळांनी कधी तपासणीच केलेली नसते. पन्नाशीचा माणूस ‘मला काहीच नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘मी कधी पाहिलेच नाही’ असाही असू शकतो. पहिल्या दिवशी पाच मिनिटे शांत बसवून रक्तदाब मोजणे एवढे तरी प्रत्येक व्यायामशाळेत व्हावे. विश्रांतीच्या स्थितीत वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर व्यायाम नको, त्या माणसाने आधी डॉक्टरांकडे जावे.

प्रशिक्षकाने औषधशास्त्र शिकण्याची गरज नाही, परंतु औषधांचे चार-पाच गट आणि त्यांचा व्यायामाशी असलेला संबंध त्याला पाठ असलाच पाहिजे. माझ्या मते या प्रशिक्षणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या हृदयाची गती दाबून ठेवतात, म्हणून वयावरून काढलेला नाडीचा आकडा या लोकांना लागू पडत नाही. त्यांच्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली ६ ते २० अशी श्रमाची मोजपट्टी वापरावी. सुरुवातीला ११ ते १३ च्या आसपास, म्हणजे ‘हलके’ ते ‘थोडे जड वाटते’ एवढेच श्रम पुरेत. याहून सोपा मार्ग म्हणजे व्यायाम करताना माणसाला पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. याच गोळ्यांचा दुसरा परिणाम मधुमेहींच्या बाबतीत घातक ठरू शकतो. साखर उतरू लागली की एरवी छातीत धडधड होते, हात थरथरतात. या गोळ्यांमुळे ती दोन्ही लक्षणे झाकली जातात आणि घाम तेवढा येत राहतो. व्यायाम करणाऱ्याला घाम येणारच असे समजून प्रशिक्षक दुर्लक्ष करतो आणि समोरचा माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो.

साखर खाली आणणारी सर्व औषधे यासाठी सारखी नाहीत. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर व्यायामाने धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची उतरू शकते, आणि ती व्यायाम चालू असतानाच उतरेल असेही नाही, पुढचे चोवीस तासही हा धोका राहतो. मांडीत इन्सुलिन टोचून लगेच सायकल चालविली तर ते अधिक वेगाने शोषले जाते. अशा व्यक्तीची साखर व्यायामापूर्वी ९० च्या खाली असेल तर आधी १५ ते ३० ग्रॅम पिष्टमय पदार्थ खाऊ द्यावेत. ७० च्या खाली असेल तर व्यायाम नाहीच, आधी साखरपाणी द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. २५० च्या वर असून लघवीत किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्यावर तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) असतील किंवा रुग्णाला बरे वाटत नसेल, तर त्या दिवशी सुट्टी. आपल्याकडे यात उपवासांची भर पडते. एकादशी, नवरात्रातील नऊ दिवस, रमजानचे रोजे या काळात गोळी नेहमीप्रमाणे आणि पोट रिकामे, असे वरचेवर घडते. म्हणून ‘आज उपवास आहे का’ आणि ‘आज गोळी घेतली का’ हे दोन प्रश्न रोज विचारावेत. उपवासात औषधाचे प्रमाण बदलायचे असेल तर ते डॉक्टरच बदलतील.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर पाणीही बाहेर टाकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवितात. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पत्र्याच्या छताखालील व्यायामशाळा सकाळी आठलाच तापते. या लोकांचा व्यायाम त्या दिवसांत पहाटेच उरकावा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने पाणी किती प्यावे हे त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ‘भरपूर पाणी प्या’ असेही सांगू नये, कारण त्यांतील काहींना पाण्याची मर्यादा घातलेली असते. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला व्यायाम संपताच एकदम उभे ठेवले तर रक्तदाब उतरून चक्कर येते. शेवटची दहा मिनिटे हळूहळू कमी करीत न्यावीत.

मधुमेहामुळे दृष्टिपटलावर नव्या रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर उड्या, श्वास रोखून जोर लावणे आणि डोके खाली जाणाऱ्या स्थिती वर्ज्य आहेत. सूर्यनमस्कार सर्वांनाच चालतात या समजुतीला इथे अपवाद करावा लागतो. पायांची संवेदना गेलेल्या माणसाला बूट चावल्याचे कळत नाही. त्याने अनवाणी व्यायाम करू नये आणि घरी गेल्यावर तळवे पाहावेत.

एक गोष्ट मात्र प्रत्येक प्रशिक्षकाच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे. आपल्याकडे छातीतील दुखण्याला ‘गॅस झाला’, ‘पित्त चढले’ असे म्हणण्याची पद्धत आहे. मधुमेहींना तर हृदयविकाराच्या झटक्यातही छातीत न दुखता नुसता दम लागणे, घाम फुटणे किंवा जबडा आणि वरचे पोट दुखणे एवढेच होऊ शकते. श्रम केल्यावर येणारी आणि थांबल्यावर जाणारी कोणतीही अस्वस्थता हृदयाची समजावी आणि ईसीजी झाल्याशिवाय त्या माणसाला पुन्हा व्यायामाला घेऊ नये. विश्रांतीनंतरही ती थांबत नसेल तर १०८ क्रमांकाला लगेच फोन करावा. हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे प्रशिक्षण तुमच्याकडील प्रत्येक कर्मचाऱ्याने घेतलेले असावे. भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य लोकांसाठी आखलेले ‘कोल्स’ हे केवळ छाती दाबण्यावर आधारलेले प्रशिक्षण त्यासाठी चांगले आहे, वेळही फार लागत नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबायचे असते. हे हाताला सवय झाल्याशिवाय जमत नाही, म्हणून दरवर्षी पुन्हा करावे.

पुन्हा प्रश्न: तालीम_परभणी

मॅडम, दादा आणि डॉक्टरसाहेब, तिघांचाही आभारी आहे. परदेशी प्रमाणपत्राचे पैसे सध्या बाजूला ठेवून येथील एका फिजिओथेरपिस्टांना भेटण्याचे ठरविले आहे. कोल्सचे प्रशिक्षण सर्व मुलांसह घेईन. अडचण एकच उरते. डॉक्टरांकडून मला जी माहिती हवी आहे ती मिळवायची कशी? बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे रांगेत असताना कोणता डॉक्टर माझ्यासाठी पत्र लिहीत बसेल?

उत्तर: वैद्यक_अंबाजोगाई

लिहीत बसणार नाही, हे खरे आहे. म्हणून पत्र तुम्हीच लिहून पाठवावे आणि डॉक्टरांना फक्त खुणा करून सही करायला लावावी. एका पानाच्या वर जाऊ नये. वरच्या भागात तुमचे शिक्षण आणि तुम्ही काय करवून घेणार आहात ते दोन ओळींत लिहावे, जसे आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे मध्यम गतीने चालणे आणि दोन दिवस हलक्या वजनाचे व्यायाम. ‘व्यायाम करू का’ असा मोघम प्रश्न विचारला तर मोघमच उत्तर मिळते. खाली निदान, चालू औषधे, अलीकडचा रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, डोळे आणि पाय तपासल्याची नोंद, आणि वर्ज्य गोष्टी यांसाठी रिकाम्या जागा ठेवाव्यात. औषधांची नावे रुग्णाच्या सांगण्यावरून न लिहिता गोळ्यांच्या पाकिटावरून उतरवून घ्यावीत.

तीन महिन्यांनी त्याच डॉक्टरांना उलट पत्र पाठवावे. त्यात किती दिवस उपस्थिती होती, विश्रांतीचा रक्तदाब कसा बदलला आणि व्यायामात काही त्रास झाला का, एवढेच असावे. हे पत्र रुग्णाच्या फाईलमध्ये लागते, पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या नजरेस पडते आणि त्यानंतर ते स्वतःहून माणसे पाठवू लागतात. माझ्याकडे ज्या दोन-तीन व्यायामशाळांतून अशी पत्रे येतात, त्यांनाच मी रुग्ण सुचवितो.

या कागदांवर आजारांची माहिती असल्यामुळे रुग्णाची लेखी संमती आधी घ्यावी, ते कुलपात ठेवावेत आणि त्यांतील काहीही व्यायामशाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाऊ देऊ नये. ‘अमक्या काकांची शुगर दोनशेवरून एकशेवीस’ असे कौतुकानेसुद्धा टाकू नये.